काहीच पडत कसं नाही?

५ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाईने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, कॉलेजात घडलेलं यात लिहीत जा. तुम्ही दिवसभराचं सगळं जेवताना सांगत बसता आणि सगळ्यांची ताटं निवतात." म्हटलं, म्हणजे मी बोलू नको, असंच ना? तर म्हणे, "छे हो, लिहून उरलं तर बोला की!" पोरगी गोड बोलून काम करून घेते.

तर लिहितो. वय बहात्तर. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. पंचावन्न वर्षं सुतारकाम. आणि आजपासून आर्किटेक्चरच्या कॉलेजात, कार्यशाळेचा मिस्त्री. इमारती काढायला शिकवणाऱ्यांच्या घरात आपण टेबलं-खुर्च्या दुरुस्त करू, एवढीच माझी समजूत. पण प्राचार्यबाईंनी समोर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "काका, पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग मी यंदा बंद केलंय."

मला चेष्टाच वाटली.

"पोरं पाच वर्षं कागदावर घरं काढतात आणि वीट एकदाही हातात घेत नाहीत. खिडकी एवढीच का, विचारलं की म्हणतात पुस्तकात आहे. मला पुस्तकाच्या आधीपासून सुरुवात करायचीय. माणूस बसतो कसा, फळी वाकते का, वारा येतो कुठून. आधी करून बघायचं, मग काढायचं."

माझं काम असं: हत्यारं द्यायची, धार लावायची, कोणाची बोटं तुटू द्यायची नाहीत. "पण त्यांच्या कामाला हात लावायचा नाही हं. चुकू दे. चुकीचं असेल ते पडू दे. का पडलं, ते त्यांचं त्यांनाच सापडलं पाहिजे."

"नाही लावणार," म्हणालो. सोपं तर होतं.

निघताना कारकुनाने कानाशी सांगितलं की संस्थेच्या मंडळाला हे खूळ पसंत नाही. जानेवारीअखेर तपासणी समिती येणार. तिला पटलं नाही तर जुना अभ्यासक्रम परत आणि बाईंना नारळ.

८ नोव्हेंबर

काय बाई आहे! बावीस पोरापोरींना सांगितलं, आज कुठेही बसा. पायरीवर, बादलीवर, विटांच्या चळतीवर. मांडी कुठे अवघडते, पाय कुठे लोंबतात, बघा. तासभर नुसती बसाबस. सगळ्यांना बरी पडेल अशी एक उंची काही सापडेना. ज्याला सगळे जिराफ म्हणतात त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

बाई म्हणाल्या, "मग पुस्तकात जी उंची दिलीय, ती कोणाच्या गुडघ्याची?"

जिराफाने वाकून स्वतःचे गुडघे बघितले. असा प्रश्न आपल्याला कधी सुचला नसता. गंमत म्हणजे कालच चहाला मी बाईंना सांगत होतो की खुर्ची करायच्या आधी मी गिऱ्हाइकाला बाकावर बसवून गुडघ्यापर्यंत माप घ्यायचो. आणि आज नेमका तोच विषय निघाला. मोठ्या डोक्याची माणसं कुठून कुठे पोचतात!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवार हा वजनाचा दिवस. आठवडाभर पोरं जे करतील त्यावर शुक्रवारी सगळ्यांसमोर वाळूच्या पिशव्या चढवायच्या. दहा किलोची एक. मोडेपर्यंत.

आज स्टुलं होती. एका मुलीचं स्टूल तिसऱ्या पिशवीलाच बसलं. ही पोरगी प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करते, म्हणून मी मनातल्या मनात तिला पण-पण म्हणतो. तिने ओठ घट्ट मिटून एकेक तुकडा उचलला. कोणी हसलं नाही, पण मला माझंच स्टूल आठवलं. मी चौदा वर्षांचा असताना असाच एक पाय वाकडा बसवला होता. आमच्या वस्तादाने तो सुतळीने माझ्या गळ्यात बांधला आणि आठ दिवस तसाच फिरवला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, हा काय दागिना? साठ वर्षं होत आली, मान अजून आखडते.

बाईंचं बरोबरच आहे. पण ही पोरं लहान आहेत. पहिल्याच पावलाला का आपटायचं त्यांना?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ज्यांची पाळी होती ती आठही स्टुलं उभी राहिली. वर्गात काय टाळ्या! पण-पणने पळत येऊन माझा हात धरला. "पण काका, सात पिशव्या!"

काल संध्याकाळी कुलूप लावण्याआधी जरा फिरलो होतो, एवढंच. कुठे पाचर ढिली होती, ती ठोकली. कुठे सरस कमी पडला होता. जिराफाच्या स्टुलाला तीन पाचरी लागल्या, त्याला इलाज नाही. काम त्यांचंच. मी फक्त शेवटचा हात फिरवला.

२९ नोव्हेंबर

आता वासे. आठ फुटांवर दोन ठोकळे, त्यांवर वासा आडवा, मधोमध पिशव्या. किती जाडीचा वासा किती पिशव्या पेलतो, ते पोरं एका मोठ्या वहीत लिहितात. वहीवर बाईंनी नाव घातलंय, 'आमचं पुस्तक'. दुसऱ्याचे आकडे घ्यायचे नाहीत, स्वतः तोललेलेच लिहायचे. पोरांचं अक्षर काय सुंदर! कोरीव काम केल्यासारखं.

पण-पणने वखारीतून जो वासा आणला त्याला ऐन मध्यात, खालच्या अंगाला, ही एवढी गाठ. तिथून तो मोडणारच. तिला बिचारीला गाठीचं काय ठाऊक? माझ्याकडे जुन्या चौकटीचा एक तुकडा होता, चाळीस वर्षं वाळलेला, घंटेसारखा वाजणारा. तोच तिच्या मापाला तासला आणि तिचा नंबर रंगवून ठेवून दिला. मग वाटलं एकीलाच का, म्हणून बाकीच्यांकडेही बघितलं.

तीस पिशव्या पेलल्या! पिशव्या संपल्या, वासा संपला नाही.

६ डिसेंबर

बाई आज चहाला आल्या, पण चहा तसाच राहिला. मग म्हणाल्या, "काका, काहीच पडत कसं नाही?"

"चांगलंच आहे की! पोरं हुशार आहेत."

"आहेत. पण एवढी नाहीत. कोणीच एवढं नसतं. आपटल्यावर शिकतात असं मी सगळ्यांना सांगत फिरले, आणि इथे कोणी आपटतच नाही. मग माझं म्हणणंच कुठेतरी चुकलंय."

मी म्हटलं, बाई, तुम्ही फार विचार करता. त्या हसल्या, पण नुसत्या ओठांनी. थोरामोठ्यांचं हे असंच. सगळं नीट चाललं की त्यांना झोप लागत नाही.

२० डिसेंबर

समितीचे अध्यक्ष न सांगता येऊन गेले. म्हातारे आर्किटेक्ट, माझ्याच वयाचे, उन्हात-सावलीत कायम हातात छत्री. कार्यशाळा फिरून बघितली. बाईंना म्हणाले, "ड्रॉइंगशिवाय आर्किटेक्ट घडवताय. म्हणजे पोहणं शिकवायचं आणि तलावात पाणी नाही."

बाई म्हणाल्या, "सर, आजवर पाण्याचं चित्रच दाखवत होतो आपण."

छत्रीवाल्यांनी छत्री दोनदा जमिनीवर आपटली. रागाने की गमतीने, कळलं नाही. तारीख मात्र ठरली, सत्तावीस जानेवारी. त्याआधी पोरांनी दवाखान्याच्या मागच्या अंगणात, रोग्यांसोबत आलेली माणसं जिथे ताटकळत उभी राहतात, तिथे बसायची एक जागा छतासकट बांधायची. समिती ती बघणार आणि प्रत्येक गोष्टीचं 'का' विचारणार.

६ जानेवारी

आजचा दिवस आयुष्यात विसरायचा नाही.

बांधायच्या आधी बाईंनी सगळ्यांना दवाखान्यात नुसतं थांबायला पाठवलं. सकाळपासून पाच तास. फोन जप्त. मीही गेलो. संध्याकाळी एकेकजण सांगू लागला. जिराफ म्हणाला, कोणीही समोरासमोर बसत नाही, अनोळखी माणसाचं रडणं बघावं लागतं म्हणून. दुसरी म्हणाली, सगळ्यांची नजर एकाच दाराकडे असते, त्यामुळे दार दिसत नाही ती जागा रिकामी राहते, ऊन नसलं तरी. पण-पण सगळ्यात शेवटी बोलली.

"पण माणसं भिंतीला पाठ लावतात, मॅडम. वयस्कर, तरुण, सगळी. बसायला जागा असली तरी उठतात आणि भिंतीला टेकतात. त्यांना बाक नकोय, टेकायला काहीतरी हवंय."

अठरा-अठरा वर्षांची पोरं! मी पंचावन्न वर्षांत शेकडो बाक केले, पण माणूस वाट बघताना काय करतो ते बघायला एकदाही बसलो नाही. बाईंचे डोळे भरले होते. मी धार लावायचं निमित्त करून आत गेलो.

१३ जानेवारी

छताच्या लाकडाची यादी पण-पणने केली. मला वाचून दाखवली. वासे दोन इंच बाय तीन इंच, आठ फुटांवर.

मी म्हटलं, "बाळा, बारीक नाही का होत? डोक्यावरचं छत आहे."

"पण काका, आपल्याच पुस्तकात आहे ना! याच मापाच्या वाशाने तीस पिशव्या पेलल्या. छताचं वजन धरलं, वर चढणारी दोन माणसं धरली, तरी अर्ध्याहून कमी होतं." आणि पान उघडून दाखवलं. तिचा नंबर. तीस. खाली दोनदा रेघ मारलेली.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते आज कळलं. वखारीतलं ओलसर, गाठीचं लाकूड, आणि भरवसा माझ्या चाळीस वर्षं वाळलेल्या तुकड्याचा. वहीतला एकही आकडा खरा नाही. मीच सगळे खोटे केलेत. आणि त्याखाली कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ भिंतीला टेकून बसणार.

मी म्हणालो, यादी उद्या पाठव.

१४ जानेवारी

गेलो नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं.

सूनबाईने कपाळाला हात लावला. "थंडगार आहे. बाबा, खोटं बोलायचं असलं की तुम्ही चहा नको म्हणता. काय केलंत?"

सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. मला वाटलं, म्हणेल की जाऊ दे, प्रेमाने केलंत.

"त्या बाई जर गेल्या तर तुमच्यामुळे जातील, त्यांना कळणारही नाही," ती म्हणाली. मग पुन्हा भाजी चिरायला लागली.

समितीला तेरा दिवस. खरं सांगितलं तर बांधून होणार नाही, मंडळ म्हणेल बघा, अडाणी सुतार ठेवला, आणि बाईंना घालवतील. नाही सांगितलं तर सगळं झकास पार पडेल. आणि मग केव्हा तरी एखाद्या दुपारी छत करकरेल.

मोठ्या वाशांचं लाकूड गुपचूप पाठवून द्यावं, असंही मनात आलं. कोणाला कळलं नसतं. मग लक्षात आलं, हीसुद्धा पाचरच की!

१५ जानेवारी

वर्ग भरल्यावर उभा राहिलो. बाई मागे होत्या. म्हटलं, पोरांनो, तुमच्या वस्तू पडल्या नाहीत कारण दर गुरुवारी मी त्या नीट करत होतो.

आधी कोणाला कळेना. मग जिराफ म्हणाला, "म्हणजे माझं स्टूल?"

"तीन पाचरी."

"तीन!" तो हसायला लागला. "तरी म्हटलं, माझ्या हातून उभं कसं राहिलं!" सगळा वर्ग हसला. मलाही जरा धीर आला.

पण-पण हसली नाही. "पण काका, माझा वासा?"

"तो तुझा नव्हताच. मी बदलला होता."

"पण तो का टिकला, यावर मी चार पानं लिहिलीत."

गळ्यात स्टुलाचा पाय बांधून फिरलो तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. मी त्यांची लाज वाचवायला गेलो आणि त्यांचा विचारच चोरला.

पोरं बाहेर गेल्यावर बाई म्हणाल्या, "सात आठवडे, काका. सात आठवडे मी स्वतःलाच खोटं ठरवत होते." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या उचलून पण-पणला बोलावलं आणि तिच्या हातात दिल्या. "कार्यशाळेचं कुलूप आजपासून तुझ्याकडे. काका सकाळी आठला येतील, तू उघड. सगळं पहिल्यापासून तोलायचंय."

काढून टाकलं नाही मला.

१८ जानेवारी

तीन दिवस नुसती मोडामोड. स्टुलं, वासे, खाचा, सांधे. कॉलेजच्या मैदानावर ढिगारा झालाय. दोन बाय तीनचा वखारीतला वासा अकराव्या पिशवीला गेला. दुसरा नववीला. तिसरा मात्र चोविसाव्या पिशवीपर्यंत टिकला.

पोरं तिन्ही घेऊन जमिनीवर पालथी पडली. मी लांब, हात काखेत दाबून. तासाभराने जिराफ ओरडला, "गाठ! गाठ खाली असली की तिथूनच फाटतं. याची गाठ वर आहे!"

"पण मग उलटा ठेवला तर?" पण-पण म्हणाली. त्याच मापाचा तसाच आणखी एक गाठीचा वासा आणला, गाठ वर करून ठेवला. एकोणीस.

हे कळायला मला सहा वर्षं लागली होती आणि वस्तादाच्या अनेक थपडा. यांना तीन दिवस लागले. ओरडावंसं वाटलं, शाबास! पण बोललो नाही.

२७ जानेवारी

समिती आली. दवाखान्याच्या अंगणात खांब उभे, टेकायची तिरकी पाठ तयार, आणि वर नुसतं आकाश. छत नाही.

"अपुरं का?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

बाई पुढे होणार होत्या, पण-पण आधीच बोलली. सगळं सांगितलं. वही, खोटे आकडे, पुन्हा तोललेले खरे आकडे. माझं नाव घेतलं नाही, 'आमची चूक झाली' म्हणाली. मला राहवेना. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी. पोरांची नाही, बाईंची तर मुळीच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग आता छताला वासा केवढा?"

"पण सर, दोन बाय पाच. उभा ठेवून. आणि प्रत्येकाची गाठ बघून कुठली बाजू वर ते ठरवायचं."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

जिराफ म्हणाला, "कॉलेजच्या मैदानावर ढिगारा आहे, चला दाखवतो." आम्ही सगळे कॉलेजात परत आलो. म्हाताऱ्याने मोडके वासे एकेक उलटून बघितले. समितीतली बाकीची दोघं घड्याळ बघत होती. मग म्हाताऱ्याने छत्री जिराफाकडे दिली आणि कोट काढला.

"मी एक मोडू का?"

स्वतः पिशव्या उचलल्या. कोणाला हात लावू दिला नाही. बारावीला लाकूड कण्हलं, तेरावीला कडाड्! म्हातारा चक्क उडाला. मग ती फाटलेली गाठ बोटाने चाचपत वाळूत बसून राहिला.

"बेचाळीस वर्षं वाशांची मापं लिहून देतोय," ते म्हणाले. "मोडताना आज पहिल्यांदा बघितला."

काय ठरलं ते सांगितलं नाही. बाईंनी हात जोडून निरोप दिला. छत्रीवाल्यांचे हात अजून वाळूने भरले होते.

३ फेब्रुवारी

पत्र आलं. आणखी तीन वर्षं असंच चालू द्यावं, आणि अध्यक्षांनी महिन्यातला एक शुक्रवार स्वतःसाठी मागून घेतलाय! कारकून पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना पत्र दाखवत फिरत होता. दवाखान्याचं छतही काल पुरं झालं. आज एक बाई पाठ टेकून झोपलेली पाहिली. तोंड उघडं, चपला शेजारी नीट लावलेल्या.

बाईंना म्हटलं, आता मला मोकळं करा. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिक्षा बाकी आहे. तुम्हाला जे येत नाही ते एक करायचं. पोरांसमोर. लाकूड सोडून."

"विटा?"

"चालतील. कमान करा."

१७ फेब्रुवारी

गवंड्यांसाठी कमानीचे लाकडी साचे मी शेकडो केले असतील. साचा काढून घेतल्यावरही विटा वर कशा राहतात, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. आपलं काम साच्यापर्यंत.

केली एकदाची. तीन फुटांची. साचा माझा अर्थातच सुरेख. विटा रचल्या, सांधे भरले, दोन दिवस सुकू दिले. आज सगळा वर्ग गोल करून उभा. साचा काढला. कमान एक क्षण उभी राहिली आणि मग हात पसरावेत तशी दोन्हीकडे उघडत खाली आली. माझ्या चपलेवर दोन विटा.

मग जिराफाने टाळ्या सुरू केल्या आणि बाईंनीसुद्धा, अगदी दोन्ही हात वर करून. बहात्तराव्या वर्षी माझं काम सगळ्यांदेखत पडलं आणि मी हसत होतो.

पण-पण तेवढी पुढे आली नाही. दोन्ही बाजूंच्या विटांकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. तिला कळलंय. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला कळलंय.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, काका," ती म्हणाली आणि हात पाठीमागे बांधले. किती जड गेलं असेल पोरीला, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

विटा खाली आल्या नाहीत आधी. आधी बाजूचे पाय बाहेर सरकले. म्हणजे कमान नुसती खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. का ढकलत असेल?

उद्या सकाळी जरा लवकर जाईन. दार आठलाच उघडेल म्हणा. बाहेर बसून विचार करता येईल.